ॲपच्या मीटरला सील कोण लावणार?

जुलैतली संध्याकाळ. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, सॅटिसच्या पुलाखाली मी आणि वहिनी अडकलो होतो. पाऊस असा, की गावदेवी मैदानापर्यंत चालत जायचीही छाती होईना. शेअर रिक्षाची रांग पुलाच्या खांबांना वळसे घालत कुठे संपते तेच दिसत नव्हतं. जायचं होतं कापूरबावडीला. दोघांनी आपापल्या फोनवर एकच ॲप उघडलं, एकच पत्ता टाकला, एकाच प्रकारची गाडी निवडली. माझ्या फोनवर २३१ रुपये, वहिनीच्या फोनवर १८७.

"भावोजी, तुम्हीच बनवता ना हे असलं?" वहिनी म्हणाली.

तसं बघितलं तर हो. गेली सतरा-अठरा वर्षं मी ऐरोलीत बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतोय. टॅक्सीच्या ॲपशी माझा संबंध नाही, पण कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या वेळी कुठला भाव दाखवायचा हे ठरवणारी यंत्रणा लिहिणं आणि तिच्यातल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरीही त्या ४४ रुपयांच्या फरकाचं कारण मला सांगता आलं नाही. दोन मागण्या पाच-दहा सेकंदांच्या अंतराने गेल्या म्हणून असेल. वहिनीला एखादं कूपन आपोआप लागलं असेल. मी रोज मिळेल त्या भावाने मुकाट गाडी घेतो, हे ॲपला कळून चुकलं असेल. तिन्ही शक्य आहेत. आम्ही अर्थातच वहिनीच्या फोनवरून गाडी बोलावली.

४४ रुपयांनी कोणी भिकेला लागत नाही. बोचलं ते वेगळंच. भांडायचं कोणाशी आणि कशावरून, तेच कळेना.

रिक्षाशी भांडता येतं. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २३ चं २६ रुपये झालं. पहिल्या दीड किलोमीटरला २६, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे चार किलोमीटरला सुमारे ६९ रुपये. हा हिशोब पाचवीतलं पोरही करील. तो आकडा आला कुठून, तेही शोधता येतं. २०१२ मध्ये हकीम समितीने सूत्र घालून दिलं: गाडीची किंमत, इंधन, देखभाल, महागाईचा निर्देशांक. मग २०१६ मध्ये खटुआ समिती नेमली गेली. तुम्हाला ते सूत्र पटो न पटो, ते कागदावर आहे, त्याच्या विरोधात रिक्षा संघटनाही बोलतात आणि ग्राहक संघटनाही. दर बदलला की प्रत्येक मीटर उघडून नव्या दराचं करून घ्यावं लागतं, त्याची तपासणी होते आणि मग त्याला सील लागतं. तोवर चालकाने दरपत्रक दाखवायचं. सील तुटलेलं दिसलं तर तोच पुरावा.

आता ठाणेकरापुढे रिक्षाचं कौतुक करायचं म्हणजे धाडसच. दुपारी तीन वाजता नौपाड्यातून वर्तकनगरला यायला किती जण नाही म्हणतात हे मला पाठ आहे. "मीटरने नाही, शंभर द्या" हेही पाठ आहे. पळणारी मीटरं मी पाहिलीत, जुन्या काळी हॉर्न वाजवला की पुढे सरकणाऱ्या मीटरांच्या कहाण्या ऐकल्यात. ॲपवाल्या गाड्या आल्या तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं ते उगाच नाही. नकार ऐकावा लागत नव्हता, रात्री मुलगी कुठवर पोचली ते दिसत होतं, आणि बसण्याआधी भाडं कळत होतं. त्या सोयीपुढे मीटरचा हिशोब कोणाला आठवणार? आम्हाला आकडा आधी मिळाला. त्या बदल्यात तो आकडा कसा झाला हे विचारायचा हक्क गेला, आणि तो गेल्याचं आमच्या ध्यानातही आलं नाही.

या धंद्यात भाव कसा बनतो ते थोडं सांगतो, कारण बाहेर त्याबद्दल एक तर भाबडेपणा असतो नाहीतर भुताटकीच्या गोष्टी. आत बसलेला कोणी माणूस तुमचा फोटो बघून भाव लावत नाही. आत एक नियमांचा तक्ता असतो. मूळ दर, त्यावर मागणीचा गुणक, त्यावर गिऱ्हाइकाचा गट, त्यावर सवलत, त्यावर शुल्कं, त्यावर कर. गट कसे पडतात? नवा की जुना, गेल्या नव्वद दिवसांत किती वेळा आला, भाव बघून परत गेला का, परत गेल्यावर सवलत दिली तेव्हा आला का. शिवाय कायम कुठली ना कुठली चाचणी चालू असते: शंभरातल्या दहांना ४९९ दाखवायचे, दहांना ५४९, आणि दोन आठवड्यांनी बघायचं की जास्त पैसे कुठून आले. यात गुन्हा काही नाही. पहिल्यांदा हे काम हातात आलं तेव्हा मला त्यात मजाच वाटली होती. पुढे एकदा घरच्यांसाठी एका सेवेचं वार्षिक शुल्क भरताना मी स्वतःच ५४९ वाल्या दहांत आहे अशी शंका आली, तेव्हा मजा थोडी कमी झाली.

फोनच्या बॅटरीची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. २०१६ मध्ये ऊबरच्या आर्थिक संशोधनाच्या प्रमुखाने एका रेडिओ कार्यक्रमात सांगितलं, की बॅटरी संपत आलेला माणूस वाढीव भाडं सहज कबूल करतो असं त्यांना दिसलंय. आम्ही ते भाडं ठरवायला वापरत नाही, असंही तो लगेच म्हणाला. त्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. पण बाहेरून तपासायची सोय कुठे आहे? जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि ऊबरला नोटिसा पाठवल्या: आयफोनला एक भाडं आणि अँड्रॉइडला दुसरं, हे खरं का? दोघांनी नाही म्हणून सांगितलं. त्यापलीकडे बाहेरून काय तपासलं गेलं, ते मला तरी कुठे दिसलं नाही. मीटरच्या बाबतीत चालकाने "माझं मीटर बरोबर आहे हो" म्हटलं आणि परिवहन खात्याने "बरं" म्हणून जाऊ दिलं, असं कधी झालंय का?

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो फालतू नाही. भाव सगळ्यांना सारखा कधी होता? जांभळी नाक्यावरची भाजीवाली तोंड बघूनच भाव सांगते. गाडीतून उतरलेल्याला गवार महाग, पायी पिशवी घेऊन येणाऱ्या आजीला स्वस्त. मग ॲपने तेच केलं तर एवढा गळा कशाला काढायचा?

कारण जांभळी नाक्यावर माझ्या शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असतं. भाजीवालीने त्या आजींना सांगितलेला भाव माझ्या कानावर पडतो, आणि मी म्हणू शकतो, "मावशी, त्यांना चाळीस आणि मला साठ का?" ती हसते, कधी पाच कमी करते, कधी "ती रोजची हाय" म्हणून कारण सांगते. कारण सांगते, हे महत्त्वाचं. शिवाय मी जसा तिला दिसतो तशी तीही मला दिसते. मी तीन वर्षांत काय काय घेतलं, किती वाजता घेतलं, किती वेळा भाव ऐकून पुढे गेलो, याची वही तिच्याकडे नसते. बाजाराला कान असतात. फोनच्या पडद्याला ते नाहीत. तिथे प्रत्येक गिऱ्हाईक एकेकट्या खोलीत बसून भाव ऐकतं. त्या संध्याकाळी वहिनी शेजारी नसती तर १८७ हा आकडा अस्तित्वात आहे, हे मला कधीच कळलं नसतं.

आणि भाजीवालीच्या पलीकडचा किराणा दुकानदार? त्याच्यावर आपण केव्हाच नियम लावले. पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची सक्ती १९९० पासून आहे. त्याआधी "स्थानिक कर वेगळे" एवढं छापून दुकानदार वाटेल तो आकडा वर चढवत. सरकारने साबणाची किंमत ठरवली नाही. कंपनीने ठरवलेली किंमत पाकिटावर छापायला लावली, एवढंच. पुढे तीच पाण्याची बाटली बाहेर एका किमतीला आणि मल्टिप्लेक्समध्ये दुसरी कमाल किंमत छापून भलत्याच भावाला विकली जाऊ लागली, तेव्हा एकाच मालावर दोन कमाल किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आली. आता तर पाकिटावर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पडतं तेही छापावं लागतं. वजनमापं तपासणारं वैधमापन खातं हे कोणाच्या स्वप्नात येणारं खातं नाही, त्याच्या निरीक्षकावर कोणी सिनेमा काढणार नाही, पण तराजूला शिक्का आणि पाकिटाला किंमत या दोन गोष्टींवर आपला रोजचा बाजार उभा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ॲपवरच्या भावाला हाच न्याय लावा. भाव कंपनीने ठरवावा. तो कसा ठरला हे मात्र तिने बिलावर लिहावं, आणि लिहिलेलं खरं आहे का ते बघायला कोणीतरी बाहेरचा असावा.

भाव सरकारनेच ठरवून टाकावा असं म्हणणारे माझ्या आसपास पुष्कळ आहेत, विशेषतः पावसाळ्यात. मला ते पटत नाही, आणि न पटण्याला आपल्याच घरातले दाखले आहेत.

यूपीआय घ्या. आज मामलेदार कचेरीसमोरच्या फुलवालीपासून वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत सगळे कोड लावून बसलेत. १ जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआयवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क शून्य केलं. ऐकायला छान. पण शून्य हाही सरकारने ठरवलेला भावच. ज्या सेवेतून पैसे मिळत नाहीत ती कोण चालवणार? ज्याच्या मागे मोठी थैली आहे तो. छोट्याला त्यात उतरायचं कारणच उरत नाही. आज यूपीआयचे ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोन ॲपांतून होतात. कोणा एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नसावेत असं यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलं होतं. ती मुदत आधी २०२२ अखेर, मग २०२४ अखेर, मग २०२६ अखेर, अशी सरकत राहिली. सरकणारच. आज ती मर्यादा लावली तर निम्म्या देशाचे चहाचे पैसे अडकतील. भाव शून्यावर बांधला तेव्हाच ही मक्तेदारी पेरली गेली, असं माझं मत आहे. दुकानदारांच्या संघटनांना ते आवडणार नाही.

टॅक्सीचं उदाहरण उलट्या बाजूचं. केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत वाढ मान्य होती, २०२५ च्या सूचनांत ती दुपटीपर्यंत गेली. खाली निम्म्यापर्यंत उतरायलाही मुभा आहे. म्हणजे शंभराचा प्रवास पन्नास ते दोनशे यांत कुठेही बसू शकतो आणि तो नियमातच असतो. मूळ भाडं १४५ धरलं, तर अशा निम्मे ते दुप्पट पट्ट्यात माझे २३१ आणि वहिनीचे १८७ आरामात मावतात. राज्याने त्याच वर्षी ॲपवरच्या टॅक्सीला किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा दर लावला. परिणाम काय झाला, तर ॲप एक भाडं दाखवतं आणि चालक गाडीत बसल्यावर सरकारी दराने दुसरं मागतो. चालकाचंही चुकत नाही. गाडीचा हप्ता त्याचा, सीएनजी त्याचा, घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात तास तास अडकायचं तेही त्याने. पण उतारूसाठी आता एका प्रवासाचे दोन भाव झाले. आकडा ठरवून दिला आणि हिशोब उघडा केला नाही, की असंच होणार.

पावसात भाडं वाढूच नये, असंही मी म्हणत नाही. गाड्या शंभर आणि माणसं हजार असली तर काहीतरी करून निवड होणारच. ती रांगेने होते, ओळखीने होते नाहीतर पैशाने होते. वाढीव भाड्यामुळे एखादा घरी निघालेला चालक परत फिरला तर बरंच आहे. पण मग सांगा ना, की मूळ भाडं १४५ आणि पावसामुळे मागणी वाढल्याचे अमुक, त्यातले चालकाला अमुक. सांगितलं की मी ठरवीन, थांबायचं की जायचं. रात्री बारानंतर रिक्षाला सव्वापट द्यायची हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावरून सहसा कोणी रडत नाही.

आता कळव्याची मावशी. वय पंच्याहत्तर, साधा बटणांचा फोन, बोलण्यापुरता. तिच्या फोनचं रिचार्ज मी करतो. किती तरी वर्षं ती मला विचारायची, "अरे, महिना तर अजून भरला नाही, लगेच कसं संपलं?" मला वाटायचं वयामुळे तिचा हिशोब चुकतोय. तिचा हिशोब बरोबर होता. "महिन्याचा" प्लॅन २८ दिवसांचा. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा महिने आणि रिचार्ज तेरा. दर न वाढवता वर्षाचा खर्च आठ टक्क्यांहून जास्त वाढवायची ही युक्ती ज्याने काढली त्याला मी आमच्या धंद्यातला कलावंत मानतो. दर तोच, पाटी तीच, फक्त महिना कापला.

मोबाइलचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत. आणलेला प्रत्येक नवा दर त्यांनी कामाच्या सात दिवसांत ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, कळवायचा असतो. हे मला बरं वाटतं: भाव तुमचा, नोंद सरकारदरबारी. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने पुढचं पाऊल टाकलं आणि सांगितलं, की प्रत्येक कंपनीने निदान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा ठेवलाच पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक नियम आला: ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस यांचा वेगळा प्लॅन हवा. मावशीसारख्यांसाठी तो सरळ सोन्याचा नियम. दोन्ही नियमांत ट्रायने किंमत सांगितली नाही. जे विकता ते सुटं करून, नाव लावून ठेवा, एवढं सांगितलं. कंपन्यांनी तसे प्लॅन आणलेही. ते शोधायला मात्र मला ॲपवर दीड मिनिट खाली सरकत जावं लागलं, वर तीन जाहिराती, दोन "लोकप्रिय" आणि एक "शिफारस केलेला". मावशीने एकटीने ते कधी शोधलं असतं?

तिथे नियमाची हद्द संपते आणि लबाडीची सुरू होते. या लबाडीलाही कायद्यात नाव मिळालंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवून बंद केले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, बाहेर पडता न येणारी वर्गणी, आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाणारी किंमत. यादी उत्तम आहे. मी ती आमच्या टीममध्ये वाचून दाखवली तेव्हा दोन जण खाली बघायला लागले. पण जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने काय केलं? कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा आणि आमच्यात असलं काही नाही असं जाहीर करा. रिक्षावाल्यालाच सील आणि पक्कड देऊन म्हणायचं, लाव बाबा तुझ्या मीटरला.

जेवणाच्या ॲपवरचं प्लॅटफॉर्म शुल्क हे या टप्प्याटप्प्याचं माझं आवडतं उदाहरण. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये ते २ रुपयांनी सुरू केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते १० झालं, सप्टेंबर २०२५ मध्ये १२. बारा रुपये कोणी मोजत नाही, आणि म्हणूनच ते बारा ठेवले. पण हे शुल्क नेमकं कशाचं? पोचवणावळ वेगळी आहे, पॅकिंग वेगळं आहे, कर वेगळा आहे, हॉटेलकडून कमिशन वेगळं घेतलंय. दुकानात शिरल्याबद्दल पैसे घेणारा दुकानदार राम मारुती रोडवर निघाला असता तर त्याच्या दारात ठाणेकरांनी काय केलं असतं याची कल्पना करा.

मोठ्या कंपन्यांना दंड करून हे सुटेल असंही दिसत नाही. स्पर्धा आयोगाने गुगलच्या अँड्रॉइड प्रकरणाची चौकशी एप्रिल २०१९ मध्ये लावली, १,३३७ कोटी ७६ लाखांचा दंड ऑक्टोबर २०२२ मध्ये झाला. त्याच महिन्यात प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड झाला, आणि मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. मोठी प्रकरणं अशीच चालायची, त्यांना वेळ लागणारच. पण चार-पाच वर्षांत ॲपवरचा भाव किती हजार वेळा बदलतो! वैधमापनाचा निरीक्षक तराजू तपासायला निकालाची वाट बघत नाही.

दुसऱ्या देशांत हा विचार पुढे गेलाय. युरोपात भाव स्वयंचलित पद्धतीने व्यक्तिगणिक ठरवला असेल तर गिऱ्हाइकाला तसं कळवावं लागतं. न्यूयॉर्क राज्यात नोव्हेंबर २०२५ पासून, तुमची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने हा भाव ठरवला आहे, अशा अर्थाचं वाक्य किमतीजवळ लिहिणं बंधनकारक झालं. यात नवल असं काही नाही. ॲमेझॉनने २००० सालीच डीव्हीडींचे भाव वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे दाखवले होते. लोकांनी आपसांत आकडे ताडून पाहिले, गवगवा झाला, आणि कंपनीने सुमारे ६,९०० जणांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत केले. तेव्हाही उघडकीला आलं ते शेजारच्या गिऱ्हाइकाचा भाव कानावर पडल्यामुळेच. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती कायद्यात माझी कोणती माहिती हाताळली याचा गोषवारा मागायची तरतूद आहे. त्या माहितीवरून माझा भाव वाढला का, हे सांगायचं बंधन त्यात नाही. ते वाक्य घालायला एवढं काय लागतं?

माझ्या मते काय लागतं ते सांगतो, आणि हे सगळं मी रोज ज्या प्रकारच्या यंत्रणेत काम करतो तिला आजच जमण्यासारखं आहे. पहिल्याच पडद्यावर सगळ्या शुल्कांसह पूर्ण रक्कम. तिच्याखाली दोन आकडे: या क्षणी सगळ्यांना लागू असलेला मूळ भाव आणि तुमचा भाव. दोहोंत फरक असेल तर एका ओळीत कारण: पाऊस, पहिली खरेदी, विद्यार्थी सवलत, चाचणी. हो, चाचणीही. माझ्यावर प्रयोग चालू असेल तर तसं लिहा. सहा महिने ही नोंद ठेवा, आणि वैधमापन खात्याला अधिकार द्या की त्याने न सांगता वेगवेगळ्या फोनांवरून मागण्या टाकून बघाव्यात आणि नोंदीशी ताडाव्यात. त्यासाठी नव्या प्राधिकरणाची, नव्या इमारतीची आणि नव्या अध्यक्षाची गरज नाही. दहा फोन आणि चार चिकट निरीक्षक पुरेत. निरीक्षकांना हे समजणार नाही असं म्हणणारे आमच्या धंद्यातले लोक इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आणि डिजिटल मीटरच्या वेळीही तेच म्हणत होते.

ज्या अल्गोरिदमवर कंपनी उभी आहे तो असा चव्हाट्यावर कसा मांडायचा, हा दुसरा आक्षेप. मांडू नका. मिठाईवाला बर्फीची कृती सांगत नाही, पण वजन आणि भाव सांगतो, आणि खोका वजनात धरलाय का तेही सांगतो. गुणक कसा काढलात ते तुमच्यापाशी ठेवा. माझ्या बिलावर तो किती लागला तेवढं लिहा. छोट्या कंपन्यांना हा बोजा होईल, या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात बारा जणांनी सुरू केलेल्या कंपनीला पहिल्या वर्षी सूट द्यायला माझी ना नाही.

सवलतींचं काय, हा प्रश्न मला खरोखर अवघड वाटतो. विद्यार्थ्याला कमी, ज्येष्ठाला कमी, नव्या गिऱ्हाइकाला कमी, हेही व्यक्तीनुसार भावच आहेत, आणि ते मला हवेत. सगळ्यांना एकच भाव अशी सक्ती केली तर कंपन्या सगळ्यांना वरचा भाव लावतील आणि मावशीचं नुकसान आधी होईल. म्हणून मी सारखेपणा मागत नाही. कारण मागतो. पण "जुना गिऱ्हाईक, बोलत नाही, देतो" हे कारण कोणती कंपनी बिलावर लिहील?

त्या पावसाळी संध्याकाळनंतर दोन दिवसांनी ऑफिसात मी एका तरुण सहकाऱ्याला विचारलं, की समजा उद्या कायदा झाला आणि प्रत्येक भावामागचं कारण गिऱ्हाइकाला दाखवायचं ठरलं, तर आपल्याला किती काम पडेल? मला वाटलं सहा महिने सांगेल. त्याने खुर्ची फिरवली, एक तक्ता उघडला आणि बोट ठेवलं. प्रत्येक व्यवहारासमोर एक रकाना होता, भाव का बदलला त्याचा संकेतांक. हिशेब जुळवताना आम्हाला लागतो म्हणून पहिल्या दिवसापासून भरला जातोय.

"काम काही नाही सर," तो म्हणाला. "हा फक्त बिलावर छापत नाही आपण."